दूरच्या यंत्राची खबरबात

(उमरी येथे वसतिगृह अधीक्षक, शिक्षक आणि स्वयंसेवक यांच्या तिमाही बैठकीत केलेलं भाषण. वार्तापत्रासाठी थोडं नीटनेटकं करून देत आहोत.)



आजचा विषय फलकावर वाचून काहींना हसू आलं असेल. ‘वसतिगृहातल्या लिनक्स सर्व्हरवर दुरून लक्ष कसं ठेवायचं’ हा विषय, आणि बोलणारी बाई धर्मशास्त्राची पदविका घेतलेली! मी इंजिनियर नाही. जे सांगणार आहे ते चुका करून शिकलेलं आहे. म्हणून सुरुवात माझ्या चुकीपासूनच करते.

दोनशे रात्रींची तक्रार

दोन वर्षांपूर्वी याच वार्तापत्रात मी एक वाक्य लिहिलं होतं. ‘सर्व वसतिगृहांतील नोंदींची प्रत दररोज रात्री आपोआप घेतली जाते.’ लिहिताना मी खोटं बोलत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. पण मी ते कधी उघडून पाहिलं नव्हतं.

नव्याने आलेल्यांसाठी थोडं सांगते. आपल्या प्रत्येक वसतिगृहात अधीक्षकांच्या खोलीत एक छोटं काळं यंत्र आहे. मुलं त्याला ‘काळा डबा’ म्हणतात. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. त्यावर लिनक्स चालतं. लिनक्सची सुरुवात १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने केली. ते विकत घ्यावं लागत नाही आणि दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या जुन्या यंत्रावरही नीट चालतं. आपल्यासारख्यांना ते म्हणूनच परवडतं. या डब्यात ‘कोलिब्री’ नावाचा कार्यक्रम आहे. इंटरनेट नसतानाही मुलांना टॅबवर धडे आणि व्हिडिओ दिसतात ते त्याच्यामुळे. आणि याच डब्यात आपली वहीसुद्धा आहे, म्हणजे हजेरी, उंची-वजन, लसी, आजारपण, सिकलसेलच्या तपासणीचे निकाल.

जूनमध्ये शाळा उघडल्या तेव्हा डोंगरातल्या एका वसतिगृहाचा डबा सुरूच होईना. आतली डिस्क गेली होती. मी अधीक्षकांना फोनवर मोठ्या विश्वासाने म्हणाले, “दादा, काळजी करू नका, प्रत आहे.” मग प्रत ठेवायची दुसरी डिस्क उमरीला आणून उघडली. शेवटची प्रत सात महिन्यांपूर्वीची होती.

झालं असं होतं, की ती दुसरी डिस्क भरून गेली होती. रोज रात्री दोन वाजता यंत्र प्रत घ्यायला उठायचं, जागा नाही असं पाहायचं, स्वतःच्या नोंदवहीत ‘जागा शिल्लक नाही’ अशी एक ओळ लिहायचं आणि पुन्हा आपल्या कामाला लागायचं. ती नोंदवही प्रतीच्या डिस्कवरच ठेवली जात असे, जागेअभावी ओळी अर्धवट तुटलेल्या होत्या, तरी वाचता आल्या. दोनशेहून जास्त रात्री त्याने तक्रार केली होती. ऐकायला कुणी नव्हतं.

त्या सात महिन्यांत सिकलसेलचं तपासणी शिबिर झालं होतं. आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, हा आजार आईवडिलांकडून येतो आणि आपल्या आदिवासी वस्त्यांत त्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगं नाही. ज्या मुलाला आजार आहे त्याला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक, ताप आला की थेट दवाखाना, हे सगळं पाळावं लागतं. जो नुसता वाहक आहे त्याला त्रास नसतो, पण पुढे लग्न जुळवताना ते माहीत असणं महत्त्वाचं. म्हणजे त्या नोंदींच्या भरवशावर एखाद्या मुलाचं हिवाळ्यातलं दुखणं टळतं किंवा टळत नाही.

आम्ही शोधाशोध केली. काही पालकांनी चिठ्ठ्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्या होत्या, त्यांना मनापासून धन्यवाद. काही निकाल इतर कागदांवरून जुळले. एकवीस मुलांचं काहीच सापडलं नाही. त्या एकवीस मुलांना पुन्हा सुई टोचावी लागली. तिसरीतल्या एका मुलीने बोट पुढे करताना मला विचारलं, “ताई, मागच्या वेळचं रक्त तुम्ही हरवलं का?”

मी काही बोलू शकले नाही. तिचं म्हणणं खरंच होतं.

गप्प आहे म्हणून ठीक आहे, असं नाही

आपल्याकडे म्हण आहे, रडल्याशिवाय आई पण दूध पाजत नाही. यंत्रांचं मात्र उलट आहे. आजारी यंत्र बहुतेक वेळा रडतच नाही, ते नुसतं गप्प होतं. आणि आपण त्या गप्प बसण्याला ‘सगळं ठीक’ समजतो.

याबाबतीत आपल्याच महाराष्ट्रातली एक गोष्ट मला फार उपयोगी पडली. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद गावी जीएमआरटी ही मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथे पसरलेल्या आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अंतराळ संस्था आणि रशिया यांच्या मोहिमेतलं ‘स्कियापरेली’ हे यान मंगळावर उतरत होतं. तिथून निघालेला रेडिओ संदेश पृथ्वीवर पोचायला त्या दिवशी दहा मिनिटांच्या आसपास लागत होती. यानाचा आवाज फार क्षीण होता, कारण तो मंगळाभोवती फिरणाऱ्या मातृयानासाठी होता, पृथ्वीसाठी नव्हताच. तरी खोडदच्या तबकड्यांनी तो पकडला. त्या आवाजात माहिती वाचता येत नव्हती. ‘मी आहे, मी आहे’ एवढंच त्यातून कळत होतं. उतरण्याच्या ठरलेल्या वेळेच्या थोडं आधी तो आवाज थांबला.

ऐकणारे होते म्हणून, काहीतरी बिघडलं आहे हे त्याच दिवशी कळलं. यान आदळून नष्ट झालं होतं. पण काय बिघडलं हे पुढे नीट शोधता आलं, कारण उतरता उतरता यानाने आपल्या अवस्थेचे आकडे मातृयानाकडे पाठवून ठेवले होते. गिरक्या मोजणाऱ्या एका उपकरणाचं मोजमाप सेकंदभर कमाल मर्यादेला अडकलं, त्यामुळे उंचीचा हिशेब चुकला. आपण जमिनीवर पोचलो असं यानाला वाटलं, आणि प्रत्यक्षात जमीन ३.७ किलोमीटर खाली असताना त्याने पॅराशूट सोडून दिलं.

यातून मी आपल्या काळ्या डब्यांसाठी दोन गोष्टी घेतल्या. एक, यंत्राने ठरावीक वेळाने ‘मी आहे’ म्हणावं आणि ते थांबलं की कुणाला तरी ताबडतोब कळावं. दोन, त्याच्या तब्येतीचे आकडे त्याच्याच पोटात राहू नयेत, ते आधीच बाहेर पोचलेले असावेत. यंत्र बंद पडल्यावर त्याला विचारायला जाण्यात अर्थ नसतो.

आम्ही काय बसवलं

पहिली अडचण रस्त्याची. उमरीहून डोंगरात जायचं तर मुदखेडला गाडी बदलायची, आदिलाबादच्या गाडीने किनवट गाठायचं, पुढे जीप. पावसाळ्यात नाला भरला की जीपही नाही. म्हणून जे करायचं ते दुरूनच.

दुसरी अडचण सिमकार्डाची. वसतिगृहातलं इंटरनेट मोबाइलच्या सिमवर चालतं. मोबाइल कंपन्या एकच बाहेरचा पत्ता हजारो ग्राहकांत वाटून वापरतात. त्यामुळे इथून त्या डब्याला थेट हाक मारता येत नाही. असं समजा, की त्या घराला दारावर क्रमांक नाही, पोस्टमन तिथे पोचत नाही, पण घरातला माणूस बाहेर येऊन पत्र टाकू शकतो. मग आम्ही व्यवस्था उलटी केली. इथून विचारायचं नाही, यंत्रानेच सांगायचं. लिनक्समध्ये ‘क्रॉन’ नावाची सोय आहे. ती म्हणजे घंटा देणारा शिपाई, ठरलेल्या वेळी ठरलेलं काम करतो. तो दर दहा मिनिटांनी एका ठरलेल्या पत्त्यावर छोटीशी खूण पाठवतो. अर्धा तास खूण आली नाही, की पहारेकरी आम्हाला निरोप देतो.

हा पहारेकरी कुठे बसवायचा? माझं पहिलं उत्तर होतं, उमरीच्या कार्यालयात. आपल्या मदतनीस तरुणाने लगेच विचारलं, “ताई, उमरीचीच लाईट गेली तर?” बरोबर होतं त्याचं. म्हणून मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये महिन्याला काहीशे रुपये भाड्याने एक छोटा सर्व्हर घेतला. त्यावर ‘अपटाइम कुमा’ हा फुकट मिळणारा कार्यक्रम टाकला. मोठ्या संस्थांसाठी नागिओस, झॅबिक्स असे जुने आणि ताकदवान कार्यक्रम आहेत. नागिओस १९९९ पासून चालत आलं आहे. पण आपली यंत्रं पाच. पाच शेळ्यांसाठी गुराख्यांची फौज कशाला? आणि त्या मुंबईच्या पहारेकऱ्यावर उमरीचं यंत्र लक्ष ठेवतं. दोघे एकमेकांना राखतात.

तिसरी गोष्ट, काय काय कळवायचं. सुरुवातीला आम्हाला सगळंच हवं होतं. शेवटी पाच गोष्टींवर आलो.

पहिली, डिस्कवरची जागा. ८० टक्के भरली की सूचना, ९० टक्के भरली की हाक. आमचं नुकसान याच एका आकड्याने केलं होतं. लिनक्समध्ये ‘डीएफ’ ही दोन अक्षरांची आज्ञा दिली की तो दिसतो. दोन अक्षरं टाइप करायची राहिली म्हणून एकवीस मुलांना सुई बसली.

दुसरी, डिस्कची तब्येत. बहुतेक डिस्क स्वतःचा हिशेब ठेवतात, किती जागा खराब झाल्या, किती जागा वाचता येईनाशा झाल्या. ‘स्मार्ट’ नावाच्या या हिशेबातले ते दोन आकडे शून्यावरून वर जायला लागले की डिस्क बदलायची तयारी करायची. प्रत्येक डिस्क आधी सांगून जात नाही, पण सांगणाऱ्याचं तरी ऐकावं.

तिसरी, तापमान. एप्रिलमध्ये एका डब्याने ८८ अंश कळवलं. विचारलं तर तो पत्र्याच्या छपराखाली कपाटाच्या डोक्यावर ठेवलेला. मुलांचे हात लागू नयेत म्हणून आपल्या ताईंनी चांगल्या हेतूनेच ठेवला होता. खाली भिंतीतल्या कोनाड्यात आणला आणि पंख्यातली धूळ ब्रशने काढली, तेवढ्यात भागलं.

चौथी, लाईट. डब्याजवळ एक छोटा यूपीएस दिला आहे, तो एका तारेने डब्याशी बोलतो. बॅटरी संपत आली की डबा ‘लाईट नाही, बंद होतोय’ असा शेवटचा निरोप देतो आणि नीट बंद होतो. हा निरोप देऊन गप्प झालेलं यंत्र म्हणजे झोपलेलं यंत्र. निरोप न देता गप्प झालं तर काळजीचं कारण. फोन उचलण्याआधीच आम्हाला एवढा फरक कळतो.

पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची, रात्रीची प्रत. इथे एक बारकावा आहे. आधी यंत्र ‘प्रत घ्यायला सुरुवात केली’ एवढंच लिहायचं. आता प्रत पूर्ण झाली तरच खूण जाते, आणि सोबत प्रतीची तारीख आणि आकार जातो. रोज साधारण तेवढीच असणारी प्रत एके दिवशी निम्म्याने लहान झाली, तर खूण आली तरी आम्ही विचारपूस करतो. प्रत दोन ठिकाणी जाते, शेजारच्या डिस्कवर आणि कुलूपबंद करून मुंबईला. कोलिब्रीचे व्हिडिओ आम्ही पाठवत नाही, ते पुन्हा मिळतात. मुलांची वही पुन्हा मिळत नाही. ती आकाराने लहानच आहे, सिमच्या डेटात सहज जाते.

दुरून आत जाऊन दुरुस्ती करायची झाली तर ‘वायरगार्ड’ नावाचा एक खासगी बोगदा केला आहे. तोही डब्यानेच आतून उघडायचा. त्या बोगद्यातूनच आत जाता येतं, तेही पासवर्डने नाही, किल्लीच्या फाइलने. किल्ल्या दोघांकडेच आहेत. बाहेरच्या जगासाठी दार बंद.

लांडगा आला रे आला

बसवून झालं, आम्ही खूश झालो. पहिल्या आठवड्यात माझ्या फोनवर इतके निरोप आले की रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले. लाईट गेली, निरोप. नेटवर्क गेलं, निरोप. लाईट आली, पुन्हा निरोप. चौथ्या दिवसापासून मी निरोप न वाचताच पुसायला लागले. लांडगा आला रे आला करणाऱ्या पोराची गोष्ट आपण मुलांना सांगतो. इथे ते पोर आम्हीच पगारी ठेवलं होतं म्हणा ना.

मग नियम केले. ज्या निरोपावर कुणाला काही करायचं नाही, तो निरोप पाठवायचाच नाही, तो फक्त नोंदीत राहील. लाईट गेल्याचा निरोप नाही, पण बारा तासांत परत आली नाही तर आहे. रात्री दहा ते सकाळी सहा फक्त डिस्कची आणि प्रतीची हाक. आणि प्रत्येक निरोपाला एक नाव. या आठवड्याला कोण बघणार, हे महिन्याच्या सुरुवातीला ठरतं. ‘सगळ्यांनी बघायचं’ म्हणजे कुणीच बघायचं नाही, हे आपल्याला बैठकांच्या अनुभवावरून माहीत आहेच.

शिवाय दर सोमवारी सकाळी एक निरोप येतो, काही झालेलं नसलं तरी. ‘पाचही ठीक.’ तो आला नाही तर पहारेकरीच आजारी आहे असं समजायचं.

एक गंमत सांगते. एका डब्याची खूण लाईट आल्यावरही येईना. अधीक्षक दादा म्हणाले, दिवे लागले आहेत, मुलं धडे बघतायत. शेवटी कळलं, आत एक नाण्याएवढा सेल असतो, घड्याळ चालू ठेवणारा, तो संपला होता. लाईट गेली की यंत्राचं घड्याळ कित्येक वर्षं मागे जायचं. मुंबईचा सर्व्हर आपली ओळख पटवायला प्रमाणपत्र दाखवायचा. डबा म्हणायचा, हे प्रमाणपत्र तर अजून सुरूच झालेलं नाही, मी बोलणार नाही. आपल्या परीने तो बरोबरच होता! बाजारातून सेल आणला, प्रश्न मिटला.

आणि एक चूक पुन्हा माझीच. जुलैमध्ये एक यंत्र तीन दिवस गप्प होतं. आम्ही नाना शंका घेतल्या. सिमचं रिचार्ज संपलं होतं. तेव्हापासून रिचार्जच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल शाईने लिहिल्या आहेत.

पाळत आणि काळजी

आता एका प्रश्नाचं उत्तर मला इथे सर्वांसमोर द्यायचं आहे. मागच्या बैठकीत आपल्यातल्या एका ज्येष्ठ अधीक्षकांनी विचारलं होतं, “ताई, हे आमच्यावर पाळत ठेवायला बसवलंय का? आम्ही किती वाजता उठलो, मुलांनी काय पाहिलं, हे सगळं उमरीला दिसणार का?”

प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्यांनी तो तोंडावर विचारला याचा मला आनंद झाला. उत्तर असं. आम्हाला यंत्राची तब्येत दिसते, वर सांगितलेल्या पाच गोष्टी. कोणता मुलगा कोणता धडा बघतो ते आम्ही पाठवून घेत नाही. अधीक्षकांच्या खोलीत कॅमेरा नाही, माइक नाही. रात्रीची प्रत कुलूपबंद असते, किल्लीशिवाय मुंबईच्या सर्व्हरवालाही ती वाचू शकत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही मुलांची माहिती हा विशेष काळजीचा विषय मानला आहे आणि पालकांच्या संमतीला महत्त्व दिलं आहे. पण कायदा नसता तरी, कुणाला सिकलसेल आहे ही गोष्ट त्या मुलाची आणि त्याच्या घरची आहे. ती आपल्या फोनवर फिरता कामा नये. म्हणून आमच्या निरोपांत कुठल्याही मुलाचं नाव कधी येत नाही.

त्याबरोबर एक वचन. यंत्र गप्प झालं म्हणून फोन आला, तर तो जाब विचारायला नसेल. पहिला प्रश्न ‘लाईट आहे का?’, दुसरा ‘हिरवा दिवा लागलाय का?’, तिसरा ‘यूपीएसची वायर घट्ट आहे का?’. हे तीन प्रश्न छापून प्रत्येक डब्यावर चिकटवले आहेत. ‘का बंद केलं’ हा प्रश्न त्या यादीत नाही. ताई, दादा, मुलांनी फोन चार्ज करायला पिन काढली असेल तर तसं सांगा. आम्हाला खरं कारण हवंय, गुन्हेगार नको.

उपयोग झाला का?

हे सगळं केल्यावर काही फरक पडला का? एकच प्रसंग सांगते. ऑगस्टमध्ये, पाऊस जोरात असताना, एका डब्याने कळवलं की डिस्कवरच्या काही जागा वाचता येत नाहीत. पहिल्या दिवशी आठ, तिसऱ्या दिवशी चोवीस. यंत्र चालू होतं, मुलं धडे बघत होती, वरून पाहणाऱ्याला काहीही कळलं नसतं. आम्ही त्या संध्याकाळीच प्रत तपासली, उमरीच्या एका यंत्रावर उघडून पाहिली, मुलांच्या नोंदी मोजल्या. बरोबर भरल्या. मग नवी डिस्क तयार करून किनवटपर्यंत पाठवली. नाल्याचं पाणी उतरल्यावर ती वर पोचली. तिथल्या ताईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला, आम्ही फोनवर एकेक स्क्रू सांगत गेलो. पाऊण तासात यंत्र ‘मी आहे’ म्हणालं. एकही नोंद गेली नाही. कुठल्याही मुलाला बोट पुढे करावं लागलं नाही.

त्या ताई इथे समोर बसल्या आहेत. त्यांचं नाव घेतलं तर रागावतील, म्हणून घेत नाही. टाळ्या मात्र वाजवू या.

तीन विनंत्या

शेवटी तीन विनंत्या करते आणि बसते.

पहिली, अधीक्षकांना. डब्याची पिन वेगळी ठेवा, त्यात दुसरं काही लावू देऊ नका, आणि यूपीएस सतत आवाज करायला लागला तर तो बंद करण्याआधी आम्हाला फोन करा.

दुसरी, शिक्षक आणि स्वयंसेवकांना. आठवड्याची पाळी घ्यायला आणखी चार माणसं हवी आहेत. संगणक येण्याची अट नाही. निरोप वाचणं, फोन लावणं आणि ऐकून घेणं एवढं येत असलं की पुरे. बाकी शिकवू.

तिसरी स्वतःला आणि कार्यकारिणीला. यापुढे अहवालात ‘प्रत घेतली जाते’ असं लिहायचं नाही. ‘अमुक तारखेला अमुक वसतिगृहाची प्रत उघडून पाहिली, नोंदी जुळल्या’ असं लिहायचं. न उघडलेली प्रत म्हणजे नुसती आशा. आणि आशेच्या भरवशावर मुलांचं रक्त ठेवता येत नाही.

म्हणून दर तिमाही बैठकीला एक चिठ्ठी काढायची, ज्या वसतिगृहाचं नाव येईल त्याची प्रत सर्वांसमोर उघडायची. नावं न दाखवता फक्त संख्या जुळवायची. त्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आपल्या हजेरीच्या वहीतून आकडा सांगायचा, आम्ही यंत्रातला सांगायचा. चिठ्ठ्या मी सोबत आणल्या आहेत, यंत्र त्या टेबलावर जोडलेलं आहे. स्वयंपाकघरातून निरोप आलाय की जेवायला अजून वीस मिनिटं आहेत. तेवढ्यात होईल.

पाळकसाहेब, पहिली चिठ्ठी आपण काढावी.